भोंग्याचा सा

माझी पेटी बिघडलेली आहे, असं तिला हात लावणारा प्रत्येक माणूस सांगतो. परवाच एक दुरुस्तीवाला आला होता. त्याने भाता तपासला, चार सूर वाजवून पाहिले, खिशातून आपलं यंत्र काढून लावलं आणि म्हणाला, "काका, अख्खी पेटी एकाच मापाने वर सरकलीये. काळी एकच्या वर आणि पांढरी दोनच्या खाली. दोन्हींच्या मध्येच लटकतीये. असं आपोआप होत नाही, कुणीतरी मुद्दाम केलंय." मी म्हटलं, "मीच केलंय." त्याने माझ्या वयाकडे पाहिलं आणि पुढचं बोलणं गिळलं. अर्ध्या दिवसात पट्टीवर आणून देतो म्हणत होता बिचारा. मी त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं.

ही पेटी ज्यांच्यापायी बिघडली त्यांचं खरं नाव सांगून उपयोग नाही. लालबागेत त्या नावाने चौकशी केली असती तर पोस्टमननेही मान हलवली असती. तिथे ते भोंगेमास्तर होते. मास्तर म्हणजे बेंजोमास्तर. परदेशी चित्रांत गोल तोंडाचं वाद्य दिसतं तो बेंजो नव्हे. आपल्याकडचा. लांबट लाकडी पेटी, वर तारा, तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटण दाबायचं आणि उजव्या हातातल्या नखीने तार छेडायची. दुकानदार त्याला बुलबुल तरंग म्हणतात. मास्तरांना ते नाव आवडत नसे. "बुलबुल गेला उडत," ते म्हणत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते गिरगावात. तेव्हा मी परळच्या म्युनिसिपल शाळेत शिक्षक होतो, दादरला राहत होतो आणि दर गुरुवारी संध्याकाळी गिरगावात एका बुवांकडे पेटी शिकायला जात होतो. बुवा मोठे जाणकार. शिकवणीची खोली चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, आणि खोलीबाहेरच्या गॅलरीत दाराला टेकून एक काळासावळा, उभट चेहऱ्याचा माणूस मांडीवर बेंजो घेऊन बसलेला असे. तो वाजवत नसे. उजवा हात मोकळा ठेवून डाव्या हाताने नुसती बटणं दाबत असे. आत आम्ही राग घोटत असू आणि बाहेरून बटणांची टकटक येई.

बुवा वैतागले की म्हणत, "अरे, त्या बाहेरच्या टंकलेखकाला जरा थांबवा!"

टकटक थांबे. थोड्या वेळाने पुन्हा सुरू होई.

नंतर कळलं की मास्तर पूर्वी एकदा रीतसर शिकायला आले होते. बुवांनी बेंजो पाहिला आणि निकाल दिला, "हे वाद्य नव्हे, खेळणं आहे. यात मींड नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची वाटच नाही, नुसत्या उड्या. वरातीत वाजवा. इथे नको." मास्तर बरं म्हणाले आणि पुढच्या गुरुवारी गॅलरीत येऊन बसले. गॅलरी काही बुवांची नव्हती.

बुवांनी वाद्य बाहेर ठेवलं की माणूस, हे मी तेव्हा विचारलं नाही. मास्तर गिरणीत सूत कातायच्या रिंगखात्यात कामाला होते. विणकामाच्या साळखात्यात जास्त मिळकत असे, पण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली तिथल्या कामगारांनी मास्तरांच्या माणसांना कधी शिरू दिलं नाही. पुढे त्यांनी धम्मदीक्षा घेतली, घरातले जुने देव समुद्रात सोडले आणि भिंतीवर एकच तसबीर ठेवली. बंद दारांची त्यांना सवय होती, असं मी लिहिणार होतो. पण ते खोटं होईल. त्यांनी ती सवय लावून घेतली नव्हती.

एकदा जिन्यात मी त्यांची थट्टा केली. "मास्तर, फुकट शिकताय. बुवा एक दिवस गुरुदक्षिणा मागतील हं."

त्यांनी उजव्या हाताचा अंगठा माझ्या नाकासमोर धरला. "हा सोडून काय पन मागू दे. हा नाय देनार. नखी कशात धरू मग?"

मला हसू आलं, आणि रस्त्यावर आल्यावर त्या हसण्याची लाज वाटली.

आमची खरी ओळख झाली ती संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत. लालबागेतल्या एका शाहिराने कलापथक उभारलं होतं. मला पेटीवर घेतलं, मास्तरांना बेंजोवर. पहिल्याच तालमीला घोटाळा झाला. मी पेटीवर सूर दिला, मास्तरांनी तार छेडली आणि शाहिराने दोन्ही कानांवर हात ठेवले.

"मास्तर, तार लावून घ्या," मी म्हटलं.

"लागलीय."

"कशाला लागलीय?"

"आमच्या गिरणीच्या भोंग्याला."

मला वाटलं, थट्टा करतायत. थट्टा नव्हती. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, घरात पेटी नव्हती, तंबोरा तर नव्हताच. तरुणपणी पहिला बेंजो हातात आला तेव्हा कुणीतरी सांगितलं की आधी सा पाहिजे. सा म्हणजे काय, तर रोज न बदलणारा, न हलणारा सूर. मास्तरांनी विचार केला आणि त्यांना असा एकच सूर आठवला. गिरणगावात प्रत्येक गिरणीचा भोंगा वेगळा, आणि झोपेतही माणूस आपला ओळखतो. त्या दिवसापासून ते दुपारची पाळी सुटायच्या भोंग्याला खुंटी पिळत आले. भोंगा काळी एकमध्ये नव्हता, पांढरी दोनमध्येही नव्हता. दोन्हींच्या मधल्या फटीत होता, आणि मास्तर त्या फटीत ठाण मांडून बसले होते. जगातली कुठलीही पेटी त्यांच्याबरोबर वाजणार नव्हती.

"अहो, चूक झाली तेव्हा. आता सुधारा," मी म्हटलं.

"तुमची पेटी सुधारा," ते म्हणाले. "भोंग्यावर पाच हजार मानूस उठतं. तुमच्या पेटीवर किती उठतं?"

शाहिराने तडजोड काढली. पेटी वाजेल तेव्हा बेंजो गप्प, बेंजो वाजेल तेव्हा पेटी गप्प. शाहिराचा स्वतःचा आवाज कुणालाच जुमानत नसल्यामुळे त्याचं काही बिघडत नव्हतं.

मास्तरांच्या चाळीतल्या खोलीत मी अनेकदा गेलो. सुट्टीच्या दिवशी भोंगा नसे, त्यामुळे त्या दिवशी खुंट्यांना हात लावायचा नाही, तार उतरली तर उतरली, हा नियम. हरताळात गिरण्या बंद असत तेव्हा बेंजो भिंतीवरच्या खुंटीला टांगलेला. वहिनी म्हणायच्या, "माझ्या माहेराला आले की ह्यांचं बोटं मोडत बसनं चालू. तिथं भोंगा नाय ना. दोन दिसांत परत."

आणि कुणी विचारलं, "मास्तर, बेंजो वाजवता ना?" तर उत्तर ठरलेलं. "शिकतोय." केस पिकले तरी शिकतोय. हा विनय होता असं समजू नका. ते खरंच शिकत होते. बुवा म्हणाले होते ना, मींड नाही? मास्तरांनी वर्षानुवर्षं त्या एका गोष्टीचा पिच्छा पुरवला. बटण दाबून ठेवायचं आणि त्याच हाताच्या अंगठ्याने बटणापलीकडची तार हळूच दाबायची, की सूर ताणला जाऊन वर सरकतो. सांगायला सोपं आहे. त्यांच्या डाव्या अंगठ्याला त्यापायी भेग पडली होती, ती कधी बुजली नाही.

आता पंचनाम्याची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मास्तर पुरे होत नाहीत.

जमावबंदी होती. सभा, घोषणा आणि वाद्यं वाजवायला मनाई. आमच्या पथकाने परळच्या एका मैदानात संध्याकाळी कार्यक्रम लावलाच. दुसऱ्या गाण्याला पोलिसांची गाडी आली. फौजदार पुढे झाला, "वाद्यं बंद करा!" मी पेटी मिटली, ढोलकीवाला थांबला, शाहीरसुद्धा थांबला. बेंजो चालूच.

"तुला वेगळं सांगू का रे?" फौजदार ओरडला.

मास्तर वाजवता वाजवता म्हणाले, "सायेब, मनाई वाद्याला हाय ना? ह्ये वाद्य नाय."

"मग काय आहे?"

"खेळनं हाय. गिरगावातल्या मोठ्या बुवांचा निकाल हाय तसा. हे गुरुजी तिथंच शिकत्यात, इचारा त्यांना."

फौजदाराने माझ्याकडे पाहिलं. मी म्युनिसिपालिटीचा नोकर, नोकरी जायची भीती. पण खोटं कसं बोलणार? "बुवा तसं म्हणाले होते खरं," मी म्हटलं. मैदानात असा हशा पिकला की फौजदाराचे कान लाल झाले. त्याने आम्हाला सगळ्यांना गाडीत घातलं, खेळण्यासकट.

चौकीत पंचनामा सुरू झाला. हार्मोनियम एक, ढोलकी एक. हवालदार बेंजोपाशी अडला. "साहेब, हे काय लिहू?" फौजदार करवादला, "लिही, बेंजो नावाचे तंतुवाद्य, नग एक!"

मास्तर बाकावरून उठले. "काय लिवलं? पुन्हा वाचा."

हवालदाराने पुन्हा वाचलं. मास्तरांनी तिसऱ्यांदा वाचून घेतलं आणि सगळ्यांच्या आधी सही केली. इतक्या आनंदाने अटकेच्या कागदावर सही करणारा माणूस त्या चौकीने पाहिला नसेल. दोन दिवसांनी आम्ही सुटलो, आमचं सामान परत मिळालं. मला शाळेत ताकीद मिळाली. मास्तरांनी आमच्या वकिलामागे लकडा लावून पंचनाम्याची नक्कल मिळवली.

त्या गुरुवारी ते गॅलरीत बसले नाहीत. बुवांच्या दारात उभे राहिले आणि कागद उलगडून खणखणीत आवाजात वाचलं, "बेंजो नावाचे तंतुवाद्य, नग एक. खाली सरकारी शिक्का हाय, बुवा."

आम्ही शिष्य खाली माना घालून हसू दाबत होतो. पण बुवाच मोठ्याने हसले. मला ते हसणं आवडलं. त्यात खोट नव्हती. मग ते म्हणाले, "ऐकव बरं, इतकी वर्षं काय टकटकत होतास ते."

मास्तर उंबऱ्याबाहेर बसले आणि त्यांनी यमन वाजवला. आमचाच धडा, आमच्याच क्रमाने, आणि मधे एका जागी, गंधारावरून वर जाताना, तार ताणून मींड घेतली. बुवांची मान आपोआप हलली. मग म्हणाले, "चुकलो मी. वाट काढलीस. पण तुझा सा कुठेच नाही रे. तो आमच्या पेटीला लाव, आणि ये, आत बस."

मी सरकून शेजारी जागासुद्धा केली. इतक्या वर्षांची इच्छा समोर आली होती. एक खुंटी अर्धा वळसा पिळायची, बस्स.

मास्तरांनी खुंटीला हात लावला. मग काढून घेतला.

"नाय जमायचं, बुवा."

"का?"

"भोंगा झाला की माझी आय मला शेजारनीकडं टाकून गिरनीत पळायची. बाप पन तसाच. मी बी तसाच. तेवढा एकच सूर माझ्या घरात हाय. तो बाहेर ठेवून कसा येऊ?"

"मग बस बाहेर," बुवा म्हणाले. रागाने नव्हे, पण म्हणाले.

मास्तर बाहेर बसले. पुढच्या गुरुवारीही बसले. फरक इतकाच झाला की बुवांनी त्यांना पुन्हा टंकलेखक म्हटलं नाही, आणि शिकवणीचं दार लोटून घ्यायचं बंद केलं. दोघंही आपापल्या जागेवरून हलले नाहीत.

मी मात्र त्या दिवशी संतापलो होतो. खाली रस्त्यावर आल्यावर मी त्यांना वाटेल ते बोललो. हट्टी, आडमुठे, करंटे. "अर्ध्या सुरासाठी दार घालवलंत!"

ते शांतपणे चालत होते. मग म्हणाले, "गुरुजी, मुंबई सोडून बाकीचा महाराष्ट्र घ्या म्हनले, तवा आपन घेतला का?"

मी चालायचा थांबलो.

"का नाय घेतला? येवढा मोठा मुलूख मिळत हुता की."

त्यानंतर कितीतरी दिवस मी पेटीपुढे बसलो की बोट सा-वर ठेवायचो आणि ते वाक्य आठवायचं.

राज्य मिळणार, मुंबईसकट मिळणार, हे पक्कं झालं तेव्हा आमच्या शाहिराने लालबागच्या मैदानात सकाळचा कार्यक्रम ठरवला. त्याची एकच इच्छा होती. "आज तरी पेटी नि बेंजो एकत्र वाजू द्या रे! समजवा मास्तरांना." सगळे मास्तरांना समजवायला लागले. मी गिरगावात पेटी दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे गेलो.

ती पेटी मला बुवांनी स्वतः निवडून दिली होती. कारागीर तिला ओळखत होता. माझं म्हणणं ऐकून त्याने कानशी खाली ठेवली. "बिघडवायला पेटी आणलीत, गुरुजी? सूर घासला की घासला. पितळ काही परत उगवत नाही. कुणाच्याही गाण्याला लागणार नाही ही."

"माहीत आहे."

"आणि मोजमाप काय घेऊ? बेंजोच्या तारेवर माझा विश्वास नाही. मला तो भोंगा ऐकवा."

म्हणून तो गिरगावचा माणूस तीन दिवस पहाटे उठून लालबागला आला. मास्तर पहिल्या पाळीला गेले की वहिनी आम्हाला गॅलरीत बसवायच्या, चहा द्यायच्या आणि जिन्यावर लक्ष ठेवायच्या. सात वाजता भोंगा होई. तेवढ्या वेळात कारागीर डोळे मिटून ऐके, सूर वाजवून बघे, कानशीचा एक हात मारी, पुन्हा बघे. भोंगा थांबला की त्या दिवसाचं काम संपलं. तिसऱ्या दिवशी त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "बसला." बाकीचे सूर त्याने त्या सा-वरून घरी लावले. वहिनींनी पेटीला एकदा हात लावून पाहिला आणि पदर डोळ्याला लावला. मला म्हणाल्या, "त्यांना सांगू नगा. चिडतील."

कार्यक्रमाच्या सकाळी मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. मास्तर इस्त्रीचा सदरा घालून आले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला सांगायला आलात तर आधीच सांगतो, खुंटी फिरनार नाय."

मी पेटी उघडली. भाता ओढला आणि सा धरला.

मास्तर थबकले. मान तिरकी केली. "पुन्हा."

मी पुन्हा दिला. त्यांनी तार छेडली. पेटी आणि तार, दोन्ही एकमेकांत मिसळून गेल्या. कुठलं कुठे संपतं ते कळेना.

"ही बुवांची पेटी ना?"

"होय."

"बिघडवलीत."

"बिघडवली."

ते माझे आभार वगैरे मानतील असं कुणाला वाटलं असेल तर त्याला मास्तर कळलेच नाहीत. त्यांनी नखी सदऱ्याला पुसली. बराच वेळ पुसत राहिले. मग खाली मान घालूनच म्हणाले, "चला."

आम्ही वाजवायला लागलो. पुढ्यात सगळे गिरणीचे लोक. गाणं रंगात आलं आणि त्याच वेळी भोंगा झाला. सुट्टी होती, पाळी नव्हती. बॉयलरवरच्या लोकांनी आपखुशीने दिला होता. नेहमी भोंगा झाला की शाहीर थांबायचा, वाद्यं थांबायची, कारण त्यापुढे सगळंच बेसूर. त्या दिवशी आम्ही थांबलो नाही. भोंगा, पेटी आणि बेंजो एका सुरात लागले होते. पुढे बसलेल्या लोकांना पट्टी काय नि सा काय ठाऊक, पण ते एकदम उठून उभे राहिले. जन्मभर ज्या आवाजाने त्यांना दामटलं, तो आवाज आज त्यांच्या गाण्यात आला होता. मास्तरांनी डोळे मिटून ती मींड ओढली, खालून वर, थेट भोंग्यापर्यंत. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

त्या पेटीवर मग मी कुणाचीच साथ केली नाही. करताच आली नसती. बुवांनी एकदा ती वाजवून पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि झाकण बंद केलं. बुवा गेल्यावर शिकवणी संपली आणि मास्तरांचे गुरुवारही संपले. ते निवृत्त झाले. मग गिरणीच बंद पडली.

एका गुरुवारी संध्याकाळी मी दादरच्या घरात वाचत बसलो होतो. बाहेर गॅलरीत टकटक ऐकू आली. मला दार उघडायच्या आधीच कळलं.

मास्तर भिंतीला टेकून बसले होते. फार थकले होते. मांडीवर बेंजो, तारा सैल पडलेल्या.

"मास्तर! अहो, आत या ना. बाहेर काय बसलात? अजून वाजवता?"

"शिकतोय," ते म्हणाले. "भोंगा बंद झाला, गुरुजी. तार उतरत उतरत कुठं गेली कळंना. आधी सा द्या."

मी आत गेलो, पेटीवरचं कापड काढलं आणि भाता ओढला. बाहेर खुंटी करकरली. तार एकदा खाली गेली, एकदा वर, आणि मग लागली. मी बोट उचललं नाही. सा चालू ठेवून दाराकडे बघत राहिलो.

मास्तर हळूहळू उठले, उंबऱ्याशी चपला काढल्या आणि आत आले.